भाषेचे भांडण आणि रिकामे फडताळ

२०२५ च्या मे महिन्यात चेन्नईत एका चित्रपटाच्या समारंभात कमल हासन यांनी विधान केले, की कन्नड भाषा तमिळमधून जन्मली. त्यानंतर जे झाले ते वाचकांना आठवत असेलच. कर्नाटकात निदर्शने झाली, चित्रपट लावू देणार नाही अशा घोषणा झाल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्तींनी विचारले, की असे विधान करायला तुम्ही इतिहासकार आहात की भाषाशास्त्रज्ञ? पुढे सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या धाकाने चित्रपटाचे प्रदर्शन रोखता येणार नाही, अशी भूमिका घेतली. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला, भाषेचा मात्र होता तिथेच राहिला.

गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर काही गूढ नाही. कॉल्डवेलने द्राविड भाषांचे तुलनात्मक व्याकरण १८५६ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून या विषयाचा अभ्यास चालू आहे. भद्रिराजू कृष्णमूर्ती यांचा द्राविड भाषांवरचा मोठा ग्रंथ २००३ साली केंब्रिजहून निघाला. त्यात तमिळ आणि कन्नड या आई-लेकी नसून बहिणी आहेत, एकाच जुन्या भाषेच्या दोन शाखा आहेत, हे स्वच्छ मांडले आहे. तमिळचे लेखी पुरावे जुने, हे खरे. पण थोरल्या बहिणीचा फोटो आधी काढला म्हणून ती धाकटीची आई होत नाही. एवढी गोष्ट कुणीतरी पुस्तक उघडून, पान दाखवून सांगायला हवी होती. त्या दोन-तीन आठवड्यांत मी मराठी वर्तमानपत्रे आणि वाहिन्या बऱ्यापैकी पाहिल्या. चर्चा अस्मितेची झाली, माफीची झाली, तिकिटाच्या धंद्याची झाली. पुस्तक काही निघाले नाही.

दुसऱ्याच्या घरातले भांडण म्हणून आपण हे मजेत पाहिले. पण आपल्या घरी तरी वेगळे काय चालले होते? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत ९८ वे साहित्य संमेलन झाले. १६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, जूनमध्ये त्या आदेशाचे शब्द बदलले आणि २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. म्हणजे नऊ महिने महाराष्ट्र भाषेखेरीज दुसरे बोलत नव्हता म्हटले तरी चालेल. आणि या नऊ महिन्यांत भाषा म्हणजे काय, ती किती जुनी असते, मूल ती कशी शिकते, बोली कशाला म्हणायचे, या साध्या प्रश्नांवर ज्याने त्याने आपल्या मनाला येईल ते ठोकून दिले.

याचा दोष मी बोलणाऱ्यांना फारसा देत नाही. शंका आली तर पाहायचे कशात? वैद्यकातली शंका आली तर चार घरगुती पुस्तके असतात, कायद्यातली आली तर मार्गदर्शिका असतात, पक्षी दिसला तर सलीम अलींचे पुस्तक उघडता येते. भाषेची शंका आली तर मराठी माणूस एकतर शब्दकोश उघडतो, नाहीतर शुद्धलेखनाचे पुस्तक. ती दोन्ही आपापल्या जागी उत्तम. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. त्या दर्जाचे काम आपण पुन्हा क्वचितच केले. पण शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो, भाषेविषयी सांगत नाही. एका मध्यम आकाराच्या गावातल्या ग्रंथालयात मी मुद्दाम ‘भाषा’ असे लिहिलेले फडताळ पाहिले. त्यात निबंधमाला होत्या, वक्तृत्वाची पुस्तके होती, म्हणी आणि वाक्प्रचार होते, स्पर्धा परीक्षांची व्याकरणे तर ढिगाने होती. भाषाशास्त्र हा शब्द ज्याच्या पाठीवर असेल असे एकच पुस्तक होते आणि ते एम. ए. च्या अभ्यासक्रमाला लावलेले होते.

इंग्रजी वाचकाची स्थिती निराळी आहे. डेव्हिड क्रिस्टल यांचा भाषेचा केंब्रिज विश्वकोश १९८७ साली निघाला, १९९७ आणि २०१० मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या. मोठ्या आकाराचा, चित्रांनी, नकाशांनी आणि तक्त्यांनी भरलेला हा एकच खंड. त्याचे पासष्ट विभाग कुठूनही उघडून वाचता येतात. बाळ पहिला शब्द कधी उच्चारते, तोतरेपणा कशाने येतो, बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेला व्याकरण असते का, जगात भाषांची किती कुळे आहेत, या सगळ्याला त्यात जागा आहे. मी तो प्रथम चाळला तेव्हा मला सर्वांत आवडली ती शेवटची पाने: पारिभाषिक शब्दांचा कोश, भाषांची यादी आणि भरघोस सूची. वाचकाला जे हवे ते दोन मिनिटांत सापडले पाहिजे, ही त्या लेखकाची तळमळ तिथे दिसते. पुस्तक महाग आहे, उदाहरणे बहुतेक इंग्रजीची आहेत आणि मराठीच्या वाट्याला फार थोडे आले आहे. तो काही क्रिस्टल यांचा अपराध नव्हे. त्यांनी त्यांच्या वाचकासाठी लिहिले.

अशा परकीय संदर्भग्रंथांत मराठी शोधायला जावे तर मन खट्टू होते. बर्नार्ड कॉमरी यांनी संपादित केलेला जगातल्या प्रमुख भाषांचा ग्रंथ, तोही १९८७ चाच. पहिल्या आवृत्तीत हंगेरियनवर प्रकरण आहे, अर्ध्या कोटी लोकांच्या फिनिशवर आहे. संस्कृत, हिंदी-उर्दू, बंगाली, तमिळ यांच्यावर आहे. मराठीवर नाही. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून मराठी नोंदवली, देशात तिचा क्रमांक तिसरा. लोकसंख्येने संदर्भग्रंथात जागा मिळत नसते, ती लिहिणाऱ्यांनी मिळवून द्यावी लागते. कॉलिन मॅसिका यांनी १९९१ साली भारतीय-आर्य भाषांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात मात्र मराठी पानोपानी भेटते. आधुनिक भारतीय-आर्य भाषांत नपुंसकलिंग टिकवून धरणाऱ्या थोड्या भाषांपैकी मराठी, कोकणी आणि गुजराती आहेत, ही गोष्ट अशा ग्रंथात वाचली की आपल्याच घरातले जुने भांडे प्रदर्शनात पाहिल्यासारखे वाटते. पण मॅसिका वाचायला थोडी तयारी लागते. दिवाणखान्यात ठेवून अधूनमधून उघडायचे ते पुस्तक नव्हे.

मग मराठीत काहीच नाही का? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे, आणि त्यात नुसते नियम नाहीत. आधीच्या व्याकरणकारांची मते घेऊन त्यांच्याशी केलेला वाद आहे. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. कृ. पां. कुलकर्णी यांचे ‘मराठी भाषा: उद्गम व विकास’ आणि १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ आहेत. अशोक केळकरांनी आयुष्यभर या विषयावर मराठीतून लिहिले; ते वाचताना दमछाक होते, पण दमल्यावर हाती काही लागते. मिलिंद मालशे यांचे आधुनिक भाषाविज्ञानावरचे पुस्तक आहे. विश्वकोशाचे खंड आता महाजालावर फुकट वाचता येतात आणि त्यांतल्या भाषाविषयक नोंदी चांगल्या आहेत.

त्या नोंदींपैकी कितीतरी ना. गो. कालेलकरांच्या. या माणसाविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. पॅरिसमध्ये शिकलेला, डेक्कन कॉलेजात शिकवलेला हा अभ्यासक मराठीत लिहायला बसला की समोर विद्यार्थी नसून शेजारी बसला आहे असे समजून लिहीत असे. ‘भाषा: इतिहास आणि भूगोल’ला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भाषाशास्त्राच्या पुस्तकाला असा मान मिळावा, हे आज नवलाचे वाटेल. भाषा ही कुणाच्या आज्ञेने चालत नाही, ती बदलते म्हणजे बिघडते असे नव्हे, आणि बोली ही प्रमाणभाषेची भ्रष्ट नक्कल नाही, हे त्यांनी न रागावता, न शिकवता सांगितले. पण कालेलकरांची पुस्तके निबंधांची आहेत. ती वाचावी लागतात, त्यांत पाहता येत नाही. संदर्भग्रंथ तो, ज्यात पाहता येते.

इथे माझी एक जुनी तक्रार नोंदवतो. मराठी पुस्तकांना सूची नसते. पाचशे पानांचा ग्रंथ, चाळीस वर्षांचा व्यासंग, आणि शेवटी सूचीची चार पाने नाहीत! प्रकाशक म्हणतो कागद वाढतो, लेखक म्हणतो वाचणारा सगळे वाचेलच. जो सगळे वाचणार नाही, ज्याला एकच गोष्ट हवी आहे, तो वाचक आपल्या हिशेबातच नाही. दुसरी अडचण परिभाषेची. एक लेखक ‘स्वनिम’ म्हणतो, दुसरा ‘ध्वनिम’, तिसरा त्यासाठी ‘वर्ण’ वापरतो. विषयाचे नावच कुणाकडे भाषाशास्त्र, कुणाकडे भाषाविज्ञान. दोन पुस्तके वाचणाऱ्या हौशी माणसाला या चार वेगळ्या गोष्टी वाटतात आणि तो दोन्ही मिटून ठेवतो. सरकारचे परिभाषा कोश आहेत, पण ते प्रतिशब्द देतात. प्रतिशब्द कळला म्हणून कल्पना कळत नाही.

हे सगळे हौशी लोकांचे रडगाणे आहे असे कुणी म्हणेल. तसे नाही, म्हणून पुन्हा त्या नऊ महिन्यांकडे येतो.

अभिजात दर्जाचे घ्या. रंगनाथ पठारे समितीने मोठ्या कष्टाने पुरावे गोळा केले. नाणेघाटातले लेख, हालाची गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृत. दर्जा मिळाल्यावर जो तो ‘मराठी दोन हजार वर्षे जुनी’ म्हणू लागला. आता, आज बोलली जाणारी प्रत्येक भाषा कुणीतरी कुणाकडून तरी शिकतच आली आहे, तेव्हा परंपरेच्या अर्थाने जवळजवळ सगळ्याच भाषा सारख्या जुन्या. जुना-नवा असतो तो लेखी पुरावा. आणि महाराष्ट्री प्राकृताला ‘मराठी’ म्हणायचे की मराठीची पूर्वज म्हणायचे, हा नाव देण्याचा प्रश्न आहे. नाव कुठे बदलायचे याची रेघ आपणच मारतो. केंद्राच्या त्याच निर्णयात मराठीबरोबर प्राकृतलाही स्वतंत्रपणे अभिजात दर्जा मिळाला. म्हणजे आजी आणि नात यांना एकाच दिवशी एकाच वयाचे दाखले मिळाले! या विनोदावर महाराष्ट्रात कुणी हसल्याचे ऐकिवात नाही.

हिंदीच्या वादात धोका अधिक होता, कारण तिथे सहा वर्षांची मुले होती. सक्तीच्या बाजूने एक वाक्य सारखे ऐकू येई: लिपी एकच आहे, मुलांना हिंदी सोपीच जाईल. लिपी एक असण्यातच मेख आहे. मराठी मूल ‘चार’ हे अक्षर दोन तऱ्हांनी उच्चारते. आकडा असेल तर एक च, गुरांना चारायचे असेल तर दुसरा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांतले दोन ज वेगळे. लिपीत मात्र एकच अक्षर. जे मूल नुकतेच हा गुंता सोडवू लागले आहे, त्याच्यासमोर तीच अक्षरे पुन्हा ठेवायची आणि सांगायचे, की इथे मात्र एकच उच्चार. मराठीत शिक्षा भोगावी लागते, हिंदीत ती घ्यावी लागते. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. आपल्याकडे तीन लिंगे, तिकडे दोन. जवळच्या भाषा शिकताना अशी गल्लत होते. ती मोठ्यांना निस्तरता येते, पहिलीतल्या मुलाला वेळ द्यावा लागतो.

विरोधाच्या बाजूनेही थोडे फेकाफेकीचे झाले. लहान मुलाच्या मेंदूवर एकाहून अधिक भाषांचे ओझे पडते, असे अनेकांनी छातीठोकपणे सांगितले. धारावीतल्या किंवा बेळगावातल्या कुठल्याही पाच वर्षांच्या पोराला विचारा. ते तीन भाषांत भांडून दाखवील. आजूबाजूला बोलल्या जाणाऱ्या भाषा मूल सहज उचलते. वर्गात आठवड्याच्या चार तासिकांत, जी भाषा गावात कुणी बोलत नाही ती वाचायला-लिहायला शिकणे हा निराळा प्रकार आहे. पहिल्या भाषेतले वाचन पक्के असेल तर ते कौशल्य पुढच्या भाषांना उपयोगी पडते, असा सिद्धांत जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. युनेस्कोने १९५३ च्या अहवालात सुरुवातीचे शिक्षण मातृभाषेतून असावे असे म्हटले होते. म्हणजे सक्तीला विरोध करणाऱ्यांजवळ चांगले मुद्दे होते, पण ते सोडून त्यांनी कच्चा मुद्दा धरला. हे भेद ज्यात दोन पानांत समजावून दिले आहेत असे मराठी पुस्तक शिक्षकांच्या खोलीत असते, तर पालकसभांमधली निम्मी चर्चा निदान रुळावर राहिली असती.

बोलींचा प्रश्न याहूनही नाजूक. ग्रियर्सनची भाषिक पाहणी १८९४ ते १९२८ अशी चालली. तिच्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, त्याने कोकणीला मराठीची बोली म्हणून बसवले. अहिराणीला, म्हणजे त्याच्या शब्दांत खानदेशीला, मात्र नवव्या खंडात भिल्लींच्या पंगतीला नेले. आज आपण नेमके उलटे मानतो. कोकणीला साहित्य अकादमीने १९७५ मध्ये मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. सु. मं. कत्रे यांनी तर १९४२ मध्येच कोकणीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. अहिराणी मात्र आपल्या लेखी मराठीची लाडकी बोली, जरी जनगणना तिला आजही खानदेशी या वेगळ्या मथळ्याखाली मोजते. भाषा कुठे संपते आणि बोली कुठे सुरू होते, हे शब्द आणि व्याकरण मोजून पूर्ण ठरत नाही. लोक स्वतःला काय म्हणवतात, राज्य कुणाचे आहे, शाळा कुठली आहे, यांनीही ठरते. चांगला संदर्भग्रंथ इथे निकाल देत बसणार नाही, कुणी कुठली रेघ का मारली ते सांगेल. तेवढे कळले तरी मालवणी बोलणाऱ्या पोराला वर्गात ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावणारा मास्तर क्षणभर अडखळेल.

बोलींच्या बाबतीत सामग्री तरी कमी नाही. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात कुडाळी, वारली अशा बोलींच्या पाहण्या केल्या, पण त्या इंग्रजीत आहेत. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ते सर्वांना ऐकण्यासाठी महाजालावर ठेवले आहे. कामाचे मोल फार मोठे. पण आपल्या गावची बोली तिथे ऐकता येते, हे त्या गावाला ठाऊक नाही.

राहता राहिली संगणकाची आणि संस्कृतची कथा. ‘नासा’ने संस्कृत ही संगणकाला सर्वोत्तम भाषा ठरवली, असा निरोप वर्षातून दोनदा तरी माझ्या फोनवर येतो. मूळ गोष्ट एवढीच, की रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने १९८५ मध्ये एक लेख लिहिला आणि संस्कृत व्याकरणकारांच्या विश्लेषणपद्धतीचे यंत्रबुद्धीच्या पद्धतीशी असलेले साम्य दाखवले. लेख वाचण्यासारखा आहे. निरोप नाही.

सगळे आता महाजालावर आहे, पुस्तक कशाला, असा आक्षेप येईल. खरे आहे, टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश, बरो आणि एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोश, मोल्सवर्थ, हे सारे शिकागो विद्यापीठाने फुकट खुले केले आहे. भाषांच्या रचनेचा जागतिक नकाशासंग्रहही तसाच खुला आहे. त्यात एक नकाशा असा आहे, की ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद जगात कुठे कुठे आढळतो. ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, त्याला धरून आपण. प्रमाण हिंदीत दोन्हींना ‘हम’, इंग्रजीतही एकच शब्द. द्राविड भाषांत हा भेद जुना आहे आणि मराठीत तो त्या शेजारातून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. हे सारे चकटफू आहे, पण ते असते हे ठाऊक असलेल्यालाच. यंत्राला विचारून मिळणारे उत्तर ठामपणे येते, ते तपासायचे कशावर? पुन्हा पुस्तकावरच येतो.

असे पुस्तक करायला काय लागेल? एक खंड, सहाशे-सातशे पाने, उदाहरणे मराठीतली आणि तिच्या शेजारणींची, एकच परिभाषा, नकाशे, आणि कृपा करून सूची. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, अभिजात दर्जाबरोबर कामाची नवी दारे उघडली आहेत. तो पैसा गौरवग्रंथांत आणि परिसंवादांच्या भोजनावळींत जाईल की एका अशा खंडात, एवढाच प्रश्न आहे. विकत कोण घेईल, ही भीती मला वाटत नाही. दाते, कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंडळ काढून १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. तेव्हाचा महाराष्ट्र आजच्याहून श्रीमंत नव्हता आणि साक्षर तर नव्हताच.

तोवर ज्याला आजच सुरुवात करायची आहे त्याने कालेलकरांपासून करावी, जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते अजून मिळतात. नंतर ब्लॉकचा परांजप्यांनी केलेला अनुवाद. इंग्रजी चालत असेल तर क्रिस्टल, तोही ग्रंथालयातून. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश जरूर घ्यावा, पण त्यातली प्रत्येक नोंद टर्नरशी ताडून पाहावी आणि शब्द नात्याचा, शेतीचा किंवा स्वयंपाकघरातला असेल तर बरो-एमेनोशीही. कुलकर्ण्यांनी कोश केला तेव्हा हे दोन्ही ग्रंथ निघायचे होते, म्हणून त्यांची वाट पुष्कळदा संस्कृतकडेच वळते. अण्णा आणि अक्का यांच्यापासून आरंभ केला तर एक रविवार सहज जाईल.